चार आकड्यांची चौकट

पश्चिम

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. हात लावायला याल तर सापडणार नाही. लाकूड नाही, काच नाही. नकाशावरचा एक आयत आणि त्याच्या चार कडांचे चार आकडे, एवढीच मी. आधी पश्चिमेची कड, मग दक्षिणेची, मग पूर्वेची, शेवटी उत्तरेची. हा क्रम म्हणजेच माझा पिंड. म्हणून गोष्टही त्याच क्रमाने सांगते. घाईत सांगते, कारण एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही.

समुद्रावर हरवलेल्यांना शोधणाऱ्या एका केंद्रात प्रोग्रॅमर ताईंनी मला घडवलं. 'तुझ्यात कोण आहे?' असं विचारलं, की माझ्या कडांच्या आतून ज्या बोटींचा संदेश आला असेल त्या दाखवायच्या. काम हेच.

दक्षिण

सारखी ओढाताण. कुणी कोपरा धरून मला बंदराएवढी करी, कुणी अर्ध्या समुद्राएवढी. बोटी सापडत. "गुणाची आहे हं चौकट!" रेडिओवाल्या बाई म्हणत.

मग नवे आकार आले, किनाऱ्याच्या वळणावळणाने वळणारे. माझी रवानगी मेनूच्या तळाशी झाली. तिथे नुसती तळमळत राहिले.

पूर्व

वादळ आलं आणि ऐन वेळी त्या नव्या आकारांची प्रणाली बंद पडली.

"काढा ती म्हातारी चौकट!" साहेब ओरडले.

मासेमारीची एक बोट बेपत्ता होती. तिच्यावर रेडिओवाल्या बाईंचा धाकटा भाऊ होता. शोधायला गेलेलं विमान समुद्रावर घिरट्या घालत, नेमकं कुठे जाऊ, म्हणून विचारत होतं.

चष्मेवाल्या इंजिनिअरने आकडे भरले. आता बघा, मित्रांनो, आपण काय म्हणतो? अक्षांश-रेखांश. एका दमात, जोडीने. 'रेखांश-अक्षांश' असं कुणाच्या तोंडी येतच नाही. पण माझी पहिली कड पश्चिमेची, म्हणजे रेखांशाची. चष्मेवाल्याच्या बोटांनी जिभेचं ऐकलं. अक्षांश आधी पडला, आणि मी उचलली गेले ती दूर, फार दूर, कुठल्याशा गारठलेल्या पाण्यावर जाऊन आदळले. मला कळत होतं. पण ओरडायला तोंड कुठे होतं?

पडद्यावर निळंच दिसत होतं. समुद्र कुठलाही असो, नकाशात निळाच.

तुझ्यात कोण आहे?

कोणी नाही.

पुन्हा बघ. कोण आहे?

कोणी नाही.

"बुडाली," साहेब हळूच म्हणाले. "विमान परत बोलवा. इंधन संपत आलंय."

"साहेब, एक फेरी मारू द्या ना त्याला."

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

खोटं नव्हतेच बोलत मी!

उत्तर

बाईंनी माइक ओढला. "परत या. इथे काही सापडलं नाही." आणि कुठे शोधलं ते पडद्यावरून वाचलं.

"अक्षांश किती म्हणालात?" वैमानिकाने विचारलं.

बाईंनी पुन्हा वाचला.

"बाई, तिथे पांढरी अस्वलं राहतात."

"थट्टा नका हो करू. माझा भाऊ आहे तिथे."

"म्हणूनच म्हणतोय. आधी आकडे नीट बघा. तोवर मी काही मागे फिरत नाही."

चष्मेवाला ताडकन उठला. "अरे देवा! उलटे घातले मी!"

चारही आकडे पुसले. पुन्हा भरले. मी खेचली गेले, ओळखीच्या पाण्यावर टेकले.

तुझ्यात कोण आहे?

एक ठिपका. मिणमिणता, पण होता.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "मेल्या," त्या हसत-रडत म्हणाल्या, "आहेस की रे!"

विमान वळलं.

मित्रांनो, आत्ताही कुणीतरी माझा कोपरा धरून मला कुठेतरी ओढत असेल. मला जिथे ठेवाल तिथलंच मी सांगते, दुसरं काही मला येत नाही. म्हणून 'कोणी नाही' असं माझ्याकडून ऐकलंत, तर आधी माझ्या कडा तपासा. लगेच माणसावर पाणी सोडू नका.