व्याह्याला विमानातनं फोन

लालानं मोबाईल घेतला तवा आमच्या कृष्णाकाठच्या गावांत दुसरा मोबाईल नव्हता. कालपत्तुर ट्रंककॉल लावून आमी पोस्टाच्या पायरीवर दिवस काढायचो, आन ह्यो गडी उसाच्या ट्रॉलीवर चढून थेट सांगलीशी बोलाय लागला. खाली उभारलं की रेंज गायब, ट्रॉलीवर एक कांडी. म्हणून त्याचा हिशेब असा, की उंची वाढली की कांड्या वाढत्यात. मग इमानात तर फोन नुसता फुलून यील.

ह्यो हिशेब त्यो माण तालुक्यात, लेकीच्या सासरी सांगून आला. व्याही आकाराम मेंढरंवाला, लय बेरकी. त्यानं तिथंच अट घातली. लाला दिल्लीला शेतीचं प्रदर्शन बघाय निघालेला. इमानातनं आकारामच्या गावच्या पंचायतीत फोन आला, तर आकारामनं त्याला खांद्यावर घिऊन गावभर फिरवायचं. न्हाई आला, तर लालाची मिशी आकारामच्या अंगणात उतरायची. व्याह्याच्या अंगणात मिशी म्हंजी मरणच की.

सोबतीला त्यानं मला न्हेलं.

इमान सुटायच्या आदीच हवाई सुंदरीनं फोन बंद कराय लावला. इमानाच्या यंत्रांला तरास होतो म्हणली. लाला तिला समजावाय लागला की व्याह्याशी दोनच शब्द बोलायचं हाय. ती गोड हसली, पर फोन बंद होईपत्तुर जाग्यावरनं हलली न्हाई. वर गेल्यावर मी लालाच्या कानात सांगितलं, संडासात जा.

गेला. भांड्यावर उभारून, एरियल छताला टेकवून "हॅलो आकाराम, हॅलो आकाराम" सुरू. भाईर रांग लागली. सुंदरीनं दार बडवलं. भाईर आला तवा एक हात मिशीवर हुता.

"एक बी कांडी न्हाई गड्या," म्हणला. "संपलो मी."

मग मी त्याला सांगितलं. माधवनगरातला माझा दोस्त गुंडा तुझा आवाज हुबेहूब काढतोय. यंत्रमागाच्या शेडात उभारून त्यानं एव्हाना तुझ्या नावानं आकारामला फोन लावला आसंल. मागाची घरघर त्यास्नी इमानाचीच वाटंल. लालानं भर इमानात माझा मुका घेतला.

परत आल्यावर आकारामनं शब्द पाळला. हलगी वाजतीया, खांद्यावर लाला मिशी पिळतोय, मागनं मी. देवळापाशी व्याह्यानं त्याला खाली ठिवलं आन घाम पुसला.

"पावनं, तुमी फोनवर म्हणला तसं सगळ्या गावाला आवतण दिलंय. बकरी कापल्यात, तुमच्या नावावर. वाढायला बी सोता तुमीच, म्हणला हुता न्हवं?"

लाला माझ्याकडं बघाय लागला. मी देवळाचा कळस बघाय लागलो. न्हाई म्हणावं, तर फोन कुणी केला ते सांगाय लागतंय, आन मिशी गेली.

"व्हय," लाला म्हणला. "म्हणलो हुतो."

सांजच्याला पंगतीत त्यो रस्सा वाढत फिरत हुता. माझ्या ताटापाशी वाकला.

"गुंडाला आवतणाचं कुणी शिकवलं रं?"

"इमानानं कान बसल्यात गड्या," मी म्हणलं. "काय बी ऐकाय येत न्हाई. एक नळी वाढ."