विजयमालाच्या घरचं पाणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा सासऱ्यांनी सगळं दोन केलं. चार माग होते, ते दोन-दोन झाले. पाण्याचे पितळी गुंड दोन होते, ते एकेक झाले. छपराचे कवेलूसुद्धा मोजून वाटले. आंगणात भिंत घातली ती विहिरीपाशी येऊन थांबली, आणि सासरे म्हणाले, "विहीर नाही वाटायची. पाणी एकच राहू द्या."

एकवीस वर्षं राहिलं तसं. मग लॉकडाऊन उठल्यावरच्या दिवाळीत माझ्या धाकट्या जावेनं, विजयमालानं, पाण्याचं फिल्टर घेतलं.

आमच्या गावात, पवनीत, तोवर फिल्टरचं काही नवल राहिलं नव्हतं. पण ज्यांच्या घरी विहीर नाही त्यांनी घ्यावं. आमची विहीर गोड. उन्हाळ्यात अर्धी आळी पाण्याला यायची आणि जाताना माझ्याशी दोन शब्द बोलून जायची, कारण रहाट माझ्या बाजूला. आता तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी पेटी लटकली. पेटीत निळा दिवा. दिवा लागला की विजयमाला स्टीलचा ग्लास पदरानं पुसायची आणि देवाला नैवेद्य दाखवावा तसा नळाखाली धरायची. पहिले दोन-तीन महिने ती पेटी घरघर आवाज करायची. पुढे आवाजही बंद झाला. चांगल्या वस्तूचा आवाज येत नसेल, असं मी मनाला समजावलं आणि आणखी जळले.

भिशीच्या बायांनी सुरुवात केली. माझ्या घरी बसून, माझे पोहे खाऊन कुंताबाई म्हणाली, "पाणी विजयमालाच्या घरून आणा ना जी. मशीनचं." मी हसून आणलं. दात किती दाबले ते माझं मला ठाऊक.

पण कुंताबाई परकी. खरा घाव घातला तो आमच्या ह्यांनी. गोपाळराव तीस वर्षं मागावर बसतात. दर तासाला पाणी लागतं, आणि तीस वर्षं ते माझ्या माठातलं पीत आले. एका दुपारी धोटा थांबवून म्हणाले, "मनकर्णा, विजयमालाच्या घरून एक बाटली भरून आणत जा. मले ते पाणी मानवते."

मानवते! माझ्या हातचं पाणी पिऊन दोन पोरींची लग्नं लावली, ते कसं मानवलं होतं? पण दुसऱ्या दिवसापासून हिरव्या झाकणाची बाटली घेऊन रोज तिच्या दारात उभी राहू लागले. ती भरून द्यायची आणि वरून म्हणायची, "भाऊजींले सांगा, संपली की अजून न्या, बाई." मला ती बाईच म्हणते, थोरली जाऊ म्हणून. त्या 'बाई'त मान होता की दया, हे शोधण्यात माझा एक हिवाळा गेला.

एप्रिलात तिच्या भाच्याचं लग्न निघालं, सिहोऱ्याला. ती आणि मधुकरराव, म्हणजे माझे दीर, चार दिवसांसाठी निघाले. आमच्याकडे गावाला जाताना किल्ली जावेकडे ठेवायची रीत आहे. भांडण असलं तरी किल्ली ठेवायचीच. भांडण वेगळं, मागे तुळशीला पाणी घालणं वेगळं. विजयमालानं किल्ली दिली आणि रिक्षात बसता बसता म्हणाली, "भाऊजींसाठी फिल्टर भरून ठेवलं आहे, बाई. नेत जा."

मी मान हलवली. किल्ली कमरेला खोचली, ती टोचत राहिली.

त्याच दुपारी मी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले होते आणि फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, मी रुचिका बोलतेय, वॉटर फिल्टर सर्व्हिस सेंटरमधून. आपलं शुभनाव?"

"मनकर्णा."

"मनकर्णाजी, आपली तब्येत कशी आहे?"

माझ्या नावाला 'जी' लागलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. हातातली कांडी थांबली. म्हटलं, "बरी आहे."

"आणि पाणी कसं येतंय आपलं?"

बघा, कोणीतरी माझ्या पाण्याची चौकशी करत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"मनकर्णाजी, आपल्या फिल्टरची एक फ्री सर्व्हिस शिल्लक आहे. आपल्याकडे फिल्टर आहे ना?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाही मला सापडला नाही. मी म्हटलं, "आहे ना. नसन कायले?"

"कोणतं मॉडेल आहे?"

"पांढरं. निळा दिवा लागते."

"हो, हो, तेच," ती म्हणाली. पांढरं आणि निळ्या दिव्याचं नसलेलं फिल्टर मी आजवर पाहिलेलं नाही, पण हे नंतर सुचलं. तिनं पत्ता विचारला, मी खुणेच्या दुकानासकट सांगितला. "उद्या आमचे इंजिनिअर येतील," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथंच उलट फोन करून सांगायचं होतं की चुकलं. पण मी काय करणार होते? सर्व्हिस फुकट. जावेचं फिल्टर साफ होऊन मिळणार, माझ्यामुळे. म्हणजे पुण्यच. असं मी स्वतःला सांगितलं. आणि सकाळी हे मागावर बसल्यावर कोशाची रेशमी साडी नेसून, किल्ली घेऊन, विजयमालाच्या घरात जाऊन बसले. भिंतीवर त्या दोघांचा लग्नाचा फोटो होता, तो उलटा करून ठेवला. बसून पाहिलं, तिच्या खुर्चीवरून विहीर कशी दिसते. चांगली दिसते.

इंजिनिअर आला. टोपी, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. नाव सांगितलं धर्मेंद्र. मी त्याला तिच्या शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. कशाला? घर माझं होतं ना!

त्यानं फिल्टरचं पाणी एका ग्लासात घेतलं. बॅगेतून वायर लावलेल्या दोन सळया काढल्या, पाण्यात सोडल्या आणि बटन दाबलं. हळूहळू पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग नालीसारखं. वर फेस आला.

"मॅडम," तो म्हणाला, "हे पाणी तुम्ही पाहुण्यांना देता?"

काय सांगू तुम्हाला, मला घाबरायला पाहिजे होतं. माझा नवरा हेच पाणी पीत होता. पण पोटात जे उठलं ती भीती नव्हती, तो आनंद होता. विजयमालाचं पाणी काळं निघालं! कुंताबाई, ये बघायला!

मी धावत आमच्या बाजूला गेले आणि माझ्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन आले. "याले लावून पाहा," मी म्हटलं. "हे साधं आहे. विहिरीचं."

त्यानं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. अशी माणसं पाण्यापेक्षा तोंडं चांगली तपासतात. त्यानं सळया बुडवल्या आणि बटन दाबलं न दाबलं तोच उचलल्या. पाणी होतं तसंच.

"वा!" तो म्हणाला. "मॅडम, खरं सांगू? मशीनपेक्षा तुमची विहीर चांगली."

त्या क्षणी त्यानं माझं मंगळसूत्र मागितलं असतं तर मी विचार केला असता. त्यानं फक्त फिल्टर मागितलं. आतला पंप गेला म्हणाला, भंडाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये न्यावं लागेल, सर्व्हिस फ्री, फक्त सामानाचे नऊशे. मी दिले. त्यानं पावती फाडली, चार स्क्रू काढले, पेटी चादरीत गुंडाळून गाडीवर बांधली. उद्या याच वेळेला आणून लावतो म्हणाला. भिंतीवर चार भोकं आणि पेटीच्या मापाचा एक पांढरा चौकोन उरला. तो रिकामा चौकोन मला इतका आवडला की मी त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले.

दुपारी हिरव्या झाकणाची बाटली रिकामी झाली. आता आली पंचाईत. मी माझ्या माठातलं पाणी भरलं, आंगणात दोन मिनिटं उगाच थांबून आले आणि बाटली ह्यांच्यापुढे ठेवली.

हे घटाघटा प्यायले. ओठ पुसले. "याले म्हणतेत पाणी," म्हणाले. "विजयमालाच्या घरच्या पाण्याची गोष्टच वेगळी आहे."

मी वाचले होते, पण मला रडू आलं. तीस वर्षं जे पाणी माझ्या नावावर फिकं होतं, ते तिच्या नावावर गोड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र आला नाही. संध्याकाळी पावतीवरचा नंबर लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. रुचिकाचा लावला. ती पण अस्तित्वात नाही. मी पावती उलटी करून पाहिली, मागे एका शाळेच्या बिलाची ओळ छापलेली होती. तेव्हा कळलं.

ह्यांना काय सांगणार? पोलिसात काय सांगणार? "फिल्टर कोणाचं होतं, बाई?" "जावेचं." "मग तुम्ही कायले दिलं?" या प्रश्नाला मी कितीही बाजूंनी उत्तर लावून पाहिलं, प्रत्येक उत्तरात मी तिच्या खुर्चीवर कोशाची साडी नेसून बसलेली दिसत होते. अर्धी आळी विहिरीवर येणार आणि हसणार. आणि विजयमाला मला पुन्हा बाई म्हणणार नाही. म्हटलंच, तर ती दयाच असेल.

ती यायच्या दिवशी मला उपाय सुचला. चोर आले. कुलूप फोडलं. फिल्टर नेलं. सोपं. ती संध्याकाळच्या बसनं येणार होती. दुपारी आळी सामसूम झाल्यावर मी वरवंटा पदराखाली घेऊन तिच्या दारापुढे जाऊन उभी राहिले. कुलूप हातात धरलं. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी दोन कुलपं घेतली होती, एकसारखी, त्यातलं हे. दुसरं माझ्या दाराला. वरवंटा उचलला.

"बाई! किल्ली हरवली का?"

मागे विजयमाला उभी. हातात पिशवी, केसांत लग्नाचा सुकलेला गजरा. "भावानं गाडीनं भंडाऱ्यापर्यंत सोडून देल्लं," ती म्हणाली, "हे उद्या येऊन राहिले. हरवली का किल्ली?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? या वेळी तेवढा मला सापडला होता. पण किल्ली कमरेला टोचली. मी ती काढून तिच्या हातात ठेवली आणि विहिरीच्या काठावर बसले. आणि सांगितलं. फोन, 'जी', साडी, फोटो, सळया, सगळं. वरवंटा मांडीवरच होता.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या घरात बसून माझं घर तुमचं म्हणून सांगतलं?"

"हो."

"चहा कशात देल्ला?"

"सोनेरी काठाच्या कपात."

"ते कप मी अजून एकदाबी काढले नाही!" ती ओरडली. "व्याह्यांसाठी ठेवले होते! चोराले देल्ले तुमी ते कप?"

फिल्टरबद्दल मात्र काहीच नाही. मी म्हटलं, "मी भरून देईन, विजू. कांड्या भरून, हप्त्या-हप्त्यानं. तुझं फिल्टर..."

"फिल्टर राहू द्या." ती माझ्या बाजूला बसली. गजरा ओढून काढला आणि हातात चुरत राहिली. "बंद होतं ते."

"काय?"

"संक्रांतीपासून. दिवा तेवढा लागे. दुरुस्तीले अडीच हजार सांगतले, ह्यायनं नाही म्हटलं. मी झाकण उघडून वरून विहिरीचं पाणी वतत होती. तुमी भिशीत जाल तेव्हा काढून ठेवो."

म्हणजे धर्मेंद्रनं दोन्ही ग्लासांत एकच पाणी तपासलं होतं. म्हणजे मी तीन महिने माझ्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून, तिचे उपकार मानून, आंगण ओलांडून आणत होते.

"काहून केलं तू असं?"

"काहून म्हणजे?" ती गजऱ्याकडेच पाहत होती. "भाकर तुमची चांगली. साडीचा काठ तुमच्या हातचा चांगला. रहाट तुमच्या बाजूले, आळी तुमच्याशी बोलते. या घरात एकवीस वर्षांत माझं म्हणून कोणी काय मागून घेतलं होतं, सांगा? भाऊजी म्हणत, विजयमालाच्या घरचं पाणी आण. मले बरं वाटे. मग कसं सांगू, बंद पडलं म्हणून?"

मला तिची कीव यायला पाहिजे होती. आलीही, थोडी. पण आधी जे आलं ते सांगते. इतकी साधी, इतकी बिनखर्चाची लबाडी, आणि ती हिला सुचली, मला नाही! तिथंही तिचाच नंबर पहिला.

"नऊशे रुपये अन् बंद पेटी," मी म्हटलं. "त्याले विकता तरी येईन का ती?"

विजयमाला आधी फसकन हसली. मग मी. मग रहाटाला धरून दोघी इतक्या हसलो की भिंतीपलीकडून ह्यांचा माग थांबला.

"उद्या पोलीस ठाण्यात जाऊन नंबर देऊन येऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "नाही तर उद्या कुंताबाईले फोन येईन. अन् ह्यायले मी सांगतो, दुरुस्तीले देल्लं. खोटं आहे का?"

"मनकर्णा!" आतून आवाज आला. "बाटली खाली झाली. विजयमाला आली असन तर पाणी आण तिच्या घरचं!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि मी आतून रिकामी बाटली घेऊन आले. तिनं दोर सोडला, मी ओढला. बादली वर आली, तिनं बाटली धरली, मी ओतलं. झाकण तिनं लावलं. दोघी मिळून आत गेलो आणि बाटली ह्यांच्या हातात दिली.

हे प्यायले. मान मागे टाकून, डोळे मिटून. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, "चार दिवस पीत होतो ना, पण आज तू आली अन् पाण्याले चव आली."

विजयमालानं खाली पाहिलं. लाजली हो चक्क. आणि दोर ओढून लाल झालेले माझे हात मी पदराखाली घेतले.