ठोक्यांमधल्या जागा

"गिटार मिळणार नाही," आपल्या टपरीवर गिऱ्हाइकासाठी केळीच्या पानात भात बांधता बांधता मुर्तिनाह वहिनी म्हणाल्या. "ते गेले, तुमचं झोपेचं गाणंही गेलं म्हणा."

"वहिनी, महिनाअखेरीला लग्नात वाजवायचंय," मी म्हणालो. "सुकार्दीच्या जागी वाजवायला तेगुह तयार आहे. पण त्याच्यासारखी छोटी गिटार बनवणारं आता सोलो शहरात कोण उरलंय?"

"मग डांगदुतवाल्यांना बोलवा. पाहुणे जागे तरी राहतील!"

वहिनींचा नवरा सुकार्दी गेला, त्याच्या शंभराव्या दिवसाचं जेवण नुकतंच झालं होतं. वहिनी तरुणपणी जत्रेत डांगदुतवर नाचायच्या, आणि नवरा नेमका आमच्या जुन्या, संथ क्रोंचोंग गाण्यांच्या मंडळीतला. क्रोंचोंग म्हणजे त्यांच्या लेखी पेन्शनरांचं सर्दीचं औषध. तालमीला त्या कधी फिरकल्या नाहीत. घरी तो गिटार घेऊन बसला की त्याला बदकांच्या खुराड्याकडे पिटाळायच्या. आवडत नाही त्याला उगाच बरं म्हणायचं नाही, हा त्यांचा रोखठोक व्यवहार. भाताचा असो नाहीतर नवऱ्याचा.

मी उठणार होतो. माझ्याबरोबर आलेला आमचा दुसरा गिटारवाला पार्नो मात्र चिवट. भात येईपर्यंत त्याने बाकावर बसून स्वतःची गिटार छेडायला सुरुवात केली. वहिनींचा डाव भातातच थांबला.

"पार्नोभाऊ, मधेमधे अडखळताय कशाला?"

"अडखळत नाही, वहिनी. तिथं सुकार्दी असायचा. मी ठोका धरायचा, त्यानं मधल्या जागा भरायच्या. दोघांचं मिळून एक होतं."

"म्हणजे घरी ते जे तुटक तुटक वाजवायचे..."

"तो त्याचा अर्धा वाटा."

"अगं बाई!" वहिनी हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "मला वाटायचं, यांना येतच नाही. जन्मभर त्याच त्याच ठिकाणी चुकतायत."

गिऱ्हाईक मिरची मागत होतं. वहिनींनी त्याच्या पानात दुसऱ्यांदा अंडं वाढलं. असं कधी झालं नव्हतं.

"गिटार मी घेऊन येईन," जरा वेळाने त्या म्हणाल्या. "पण आधी तालमीत ऐकणार."

आल्या, त्या स्वतःचं स्टूल घेऊन. पहिल्या दिवशी मासळी पारखायला आल्यासारखा चेहरा. गाणारणीला म्हणाल्या, "घाई कसली? बस सुटतेय का?" तेगुह नवखा, एकही जागा मोकळी सोडायचा नाही. त्यालाही ऐकवलं, "अहो मास्तर, त्या पार्नोला श्वास तरी घेऊ द्या!" पुढच्या वेळी मात्र स्टूल जरा पुढे ओढलं. मग तालीम संपल्यावर कुणी उठायच्या आत म्हणायला लागल्या, "तेवढं मघाचं संथ होतं ना, ते परत."

लग्नात आम्हाला कोण ऐकतं? पाहुणे खुर्च्यांवर बसून जेवतात, वाढपी एकेक ताट हातोहात पुढे देत जातात, आणि आम्ही चमच्यांच्या आवाजाखाली वाजवतो. वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांना सुपाची वाटी मिळाली, आणि आम्ही तेच संथ गाणं धरलं.

वाढपी रिकाम्या वाट्या न्यायला आला. "मावशी, झालं का?"

वहिनींनी त्याच्याकडे न बघता हात आडवा केला. बाजूच्या बायकांचा भात आला, मग गोड बर्फ आलं. गाणं संपलं तेव्हा वहिनींच्या मांडीवर ते सूप तसंच होतं, वर साय धरलेलं.