कोऱ्या चहाची बिअर

आईच्या तळहातावरून चहाची पूड उकळत्या पाण्यात पडे, तेव्हा फार बारीक, सरसरता आवाज होई. पौषातल्या काळोख्या पहाटे, खडकीच्या क्वार्टरमध्ये, त्या आवाजाने मला जाग येई. चमचा तिने कधी वापरला नाही. किंचित वाकवलेला तळवा, अंगठ्याने मागे सारलेली चिमूटभर पूड, मग दोन्ही हातांनी पिळून टाकलेली गवती चहाची पात आणि ठेचलेलं आलं. वाफेत तिचा चेहरा क्षणभर नाहीसा होई आणि पुन्हा दिसू लागे, तेव्हा त्यावर रात्रीचा थकवा असे.

तो चहा बाबांसाठी असे. दूध नाही, साखर नाही. रात्रीची दारू सकाळी त्यांच्या श्वासाला यायची, आणि कारखान्याच्या फाटकावर ती कोणाला कळू नये म्हणून आई त्यांना दोन पेले कोरा चहा पाजून मगच कामावर धाडी. ती भांडत नसे, रडत नसे. पेला पुढे करताना नुसतं म्हणे, "घ्या, भोंगा होईल." बाबा गेले, आम्ही विश्रांतवाडीला राहायला आलो, तरी तिची सकाळ त्याच वेळी उजाडत राहिली, आणि तोच चहा ती माझ्यासाठी करू लागली.

अशा बाईचा मुलगा बिअर बनवतो. तिला मी 'हॉटेलात आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घालत असे. गेल्या आश्विनात आमच्या हॉटेलच्या ब्रुअरीत चहाची बिअर करायचं ठरलं. महागडे चहा आणून झाले, एकही धड उतरेना. शेवटी मी आईला म्हणालो, पाहुण्यांसाठी तुझा कोरा चहा हवाय, पातेलंभर. तिचा चेहरा उजळला. "कोरा? आवडेल का रे त्यांना?" पाहुणे जणू घरीच येणार होते, अशी ती इस्त्रीची साडी नेसली आणि स्टीलचे दोन डबे भरून दिले.

बिअर तयार झाली तेव्हा कार्तिक लागला होता. दुपारचं तिरपं, मऊ ऊन टाक्यांवर पसरलेलं. मी पहिला घोट घेतला. आधी गार फेस, मग जवाचा गोडवा, त्यामागून गवती चहा, आणि सर्वांत शेवटी जिभेच्या मुळाशी तो ओळखीचा तुरटपणा. मी बाबांच्या जागी बसलो होतो. जो वास झाकण्यात आईचं निम्मं आयुष्य गेलं, त्यातच मी तिचा चहा ओतला होता. शेजारी उभी असलेली माझी सहकारी मुग्धा म्हणाली, "सर, कसली भारी झालीये. रेसिपी कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की आजही त्याची लाज वाटते.

त्या संध्याकाळी सांगायचंच असं ठरवून घरी गेलो. आई मेथी निवडत होती. "आवडला का पाहुण्यांना?" तिने पुन्हा एकदा विचारलं.

"आई, मी बिअर बनवतो. तुझा चहा त्यात घातला."

तिचे हात थांबले. पुन्हा चालू झाले. मान वर न करता ती म्हणाली, "मग सकाळी त्यांच्या घरचे त्यांना काय पाजतात?"

त्यानंतर ती मला चहा देई, पण दुधाचा, साखरेचा, बशीत बिस्किटं ठेवून, परक्या माणसाला द्यावा तसा. कोरा मागायचा धीर मला झाला नाही. उद्या मागू, परवा मागू म्हणता म्हणता फाल्गुन आला, आणि एका दुपारी ती झोपेतच गेली.

तिच्या हातचा चहा आता जगात फक्त त्या बिअरच्या दोन बाटल्यांत उरला आहे. घरी कितीदा करून पाहिला, जिन्नस तेच, पण तळहात तिचा नाही. बिअर फार दिवस टिकत नाही, हे मला वेगळं सांगायला नको. बाटली उघडली, तर जे तिने मला द्यायचं थांबवलं ते मी चोरून पिईन. आणि नाही उघडली, तर काळ ते माझ्यासमोर, अगदी सावकाश, पिऊन टाकील.