गार्लंडचे टोल

आमच्या शोल कोव्हमध्ये कोण गेलं हे दारोदार सांगत फिरावं लागत नाही. चर्चची घंटा सांगते. पुरुष असेल तर आधी तीनदा तीन टोल, बाई असेल तर तीनदा दोन, मग जरा थांबून जितकं वय तितके टोल. घंटा सुरू झाली की मासळी चिरणारा सुरी खाली ठेवतो, होडीतला माणूस वल्ही उचलून धरतो आणि चुलीपुढची बाई ओठ हलवत मोजायला लागते. एकाहत्तर झाले की म्हणायचं, गेली एस्तरमावशी, सुटली बिचारी. गावात सगळ्यांची वयं सगळ्यांना पाठ असतात. त्यामुळे या घंटेला खोटं बोलायची सोयच नाही, असं मी तरी समजत होते.

म्हणून माझ्या भावासाठी एकोणीस टोल पडणार हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. गार्लंड सतरा वर्षांचा होता. ज्या वर्षी जून उजाडला तरी खाडीतला बर्फ हलला नव्हता, त्या वर्षी तो जन्मला. मी आठ वर्षांची होते आणि सुइणीला गरम पाणी मीच नेऊन दिलं होतं. मला कोणी त्याचं वय शिकवायची गरज नव्हती.

दोन वर्षं वाढली कुठून, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. युद्धाच्या तिसऱ्या शरदात आरमाराचा माणूस मोठ्या बंदरात भरतीला आला. अठरा पूर्ण झालेली पोरं हवी होती, आणि गार्लंड सोळाचा. आमचं जुनं चर्च जळलं त्यात बारशाची नोंदवही गेली होती, तेव्हा कोणीतरी जाणत्या माणसाने वयाची ग्वाही दिली की काम भागत होतं. तिकडे जाणाऱ्या बोटीत गार्लंड होता, हिवाळ्याचं पीठ आणायला निघालेली आई होती आणि आमचे पाद्रीसाहेब, लोडर, होते. परतीच्या बोटीने पीठ आलं, आई आली, पाद्रीसाहेब आले. गार्लंड आला नाही. ग्वाही पाद्रीसाहेबांनी दिली असणार, हे गावाने न सांगता ताडलं. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. मी त्या दिवसापासून त्यांना नमस्कार करायचं सोडलं नसलं तरी त्यांच्याकडे बघून हसायचं सोडलं.

गार्लंडला जहाज मिळालं ते काफिल्याची राखण करणारं, छोटं, लोखंडी. मालवाहू जहाजांच्या कडेकडेने मेंढपाळाच्या कुत्र्यासारखं धावायचं हे त्याचं काम. इंग्लंडची पोरं पहिल्याच लाटेला ओकून आडवी व्हायची आणि हा त्यांच्या वाटणीचं जेवायचा. आठव्या वर्षापासून होडीत वाढलेल्याला काय होणार? थंडीत दोरांवर आणि तोफेवर बर्फ साचून जहाज कलंडायला लागलं की कुऱ्हाड घेऊन पहिला तो वर चढायचा. एकदा बुडालेल्या जहाजाची माणसं पाण्यात होती आणि लाट अशी की होडी टाकायला कोणी धजेना. गार्लंडने वल्ही घेतली आणि पाच जणांना ओढून आणलं. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही. त्याच्याबरोबर रजेवर आलेल्या सोबत्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून, काकवी लावलेला पाव खाताना सांगितलं. गार्लंड लाजून नुसता मांजराशी खेळत होता.

त्या एका रजेतली एक गोष्ट मला सलते. त्याच्या गणवेशाच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर चढल्या होत्या आणि विजारीखाली घोटे दिसत होते. त्याचा सोबती त्याला चिडवत होता, म्हणे हा इतका अडाणी की गरम पाण्यात धुऊन लोकर आटवतो. गार्लंड म्हणाला, हो रे, आटली.  आईने डगला मागून घेतला, खिडकीपाशी बसून बाह्या उसवल्या आणि आतलं कापड सोडून पुन्हा शिवल्या. ती शिवत होती आणि तिची मान शेवटपर्यंत वर झाली नाही. लोकर कुठली आटतेय? पोरगं वाढत होतं.

पुढच्या फेब्रुवारीत त्याचं जहाज पाणबुडीने बुडवलं. वाचलेल्यांत तो नव्हता. ज्या पाण्यातून त्याने पाच जण काढले, त्यातून त्याला काढायला कोणी नव्हतं.

प्रेत नसलं की आमच्याकडे माणसाची टोपी आणि आईने विणलेले हातमोजे पुढच्या बाकावर ठेवतात आणि प्रार्थना करतात. बर्फ हलेपर्यंत थांबायचं ठरलं, कारण मे महिन्यात पितळेची पाटी घेऊन आरमाराचा अधिकारी येणार होता. पाटीवर वय एकोणीस. मग घंटाही एकोणीस, असं पाद्रीसाहेब म्हणाले.

मी त्यांच्या दारात गेले. ते बटाट्याच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. मी म्हटलं, पाटीवर आरमाराने काय वाटेल ते लिहावं, पाटी त्यांची आहे, घंटा आपली आहे. ते म्हणाले, "फीना, झालं ते झालं. दोन टोलांनी काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर वाजवू नका," मी म्हटलं.

त्यांनी हाताची माती झटकली. पाहुण्या अधिकाऱ्यासमोर असा घोळ बरा दिसणार नाही वगैरे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, आईला विचार. मला संताप आला. सहा महिन्यांचं बाळ घ्यावं तशी गार्लंडची टोपी मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला मी काय विचारणार? स्वतःची ग्वाही झाकायची आणि ओझं आईच्या गळ्यात टाकायचं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते पुन्हा वाफ्याकडे वळले.

मग मी दुकानदार पेल्लीकडे गेले, तो चर्चच्या कमिटीवर होता. तो म्हणाला, घंटेचं पाद्रीसाहेब बघतात. सुईण ड्रुसिलाआजी म्हणाली, मला आता वर्षं आठवत नाहीत गं. हीच बाई गावातल्या प्रत्येक पोराच्या जन्मावेळी वारं कुठल्या दिशेचं होतं तेसुद्धा सांगते. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. दोन टोल, दोन टोल. मीठ कमी पडलं तर घरात भांडणारी माणसं, आणि इथे सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. कोणाला कळतच नव्हतं की ती दोन वर्षं त्याला मिळाली नाहीत. तो ती जगला नाही. दाढीसुद्धा आली नव्हती त्याला. निदान मेल्यावर तरी एका ठिकाणी तो जेवढा होता तेवढाच असावा, इतकंच मागत होते मी.

उरले नेबथकाका. घंटा तेच वाजवतात. त्यांच्या खांद्यात कळ भरली होती, म्हणून मी म्हटलं, काका, त्या दिवशी दोर मी ओढते. आमच्याकडे बाईने दोराला हात लावलेला कोणी पाहिलेला नाही. ते पाइप कोरायला लागले.

"किती ओढणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे किती."

"मला काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. मी माझ्या बाकावर बसणार, आणि मला कोणी विचारलं तर मी झोपलो होतो."

मी जिंकले असं मला वाटलं. प्रार्थनेच्या दिवशी सकाळी मी चुलीवर किटली ठेवली. आई काळा झगा घालून गार्लंडचे हातमोजे ब्रशने साफ करत होती, ते नवेच होते तरी. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नेबथ सांगत होता, दोर तू ओढणार."

मी हो म्हटलं.

"एकोणीस ओढ."

मला वाटलं, पाद्रीसाहेबांनी हिला गाठलं. मी त्यांचं नाव घेऊन बोलायला लागले. मनातलं दीड वर्षाचं सगळं काढलं. त्यांनी एका पोराला खोट्याने मरायला पाठवलं आणि आता ते खोटं घंटेकडून वदवून घेतायत, असंही मी म्हणाले. आईने हातमोजे टेबलावर ठेवले, एकावर एक.

"ते काही बोलले नाहीत तिथे," ती म्हणाली. "ते दारात उभे होते. टेबलाशी मी होते. साहेबाने विचारलं, बाई, पोराचं वय काय. मी अठरा सांगितलं."

किटली उकळून वाजायला लागली. मी ती काढली नाही.

"तू पीठ आणायला गेली होतीस," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"पीठ आणलंच की." ती बसली. "तो कुठेतरी जाणारच होता, फीने. वसंतात शिडाच्या लाकडी स्कूनरवर गेला असता. तुझा बाप कशात गेला? लाकडात. माझे दोन भाऊ कशात गेले? लाकडात. एक फळी निखळली की संपलं. धक्क्यावर ते आरमाराचं जहाज उभं होतं. मी हाताने वाजवून बघितलं. सगळं लोखंड. म्हटलं, याच्यावर पाठवलं तर माझं पोरगं राहील."

 मला तिचा इतका राग आला होता की तिच्या गळ्यात पडून रडावं की टेबल उलथावं ते कळेना. युद्ध चाललंय, जहाजं रोज बुडतायत, आणि ही बाई लोखंड वाजवून बघत होती. आणि खरं सांगते, त्या धक्क्यावर मी असते तर मीही तेच केलं असतं. आमच्या घरातल्या कोणत्याही बाईने केलं असतं. समुद्र माणसं लाकडातूनच नेतो, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"सतराच टोल पडले तर सगळ्यांदेखत तो अधिकारी विचारणार, वय कोणी सांगितलं होतं," आई म्हणाली. "आजवर गाव लोडरसाहेबांकडे बघतं. त्या माणसाने माझ्यासाठी दीड वर्ष ऐकून घेतलंय. मग गाव माझ्याकडे बघेल. मला ते सोसणार नाही. एकोणीस ओढ, पोरी."

मी काही वचन दिलं नाही. तिनेही मागितलं नाही.

चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर टोपी आणि हातमोजे, त्यांच्याशेजारी आई, पलीकडे तो अधिकारी, लाल कानांचा, भला दिसणारा माणूस. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना सांगितली आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे मान हलवली. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा मला माझेच शब्द आठवले आणि मी नजर खाली घातली.

दोर जड होता. तीनदा तीन झाले. थांबले. मग एक, दोन. पाचाला तो धक्क्यावरून पडला होता. नवाला बाप गेला. बाराला त्याने पहिल्यांदा एकट्याने होडी आणली आणि आठवडाभर मिरवत होता. सोळाला बोटीच्या कठड्यावरून मला हात केला. मी सतरावा ओढला.

आणि माझे हात अठरावा ओढेनात. मी प्रयत्न केला. आईसाठी केला. दोर धरून उभी राहिले, वर घंटा हलकेच करकरत होती, आणि अठराव्या वर्षाला तो कुठे होता ते मला दिसेना. कुठेच नव्हता. चर्चमध्ये कोणी खोकत नव्हतं. सगळ्यांनी मोजले होते. नेबथकाका डोळे मिटून बसले होते.

मग पुढच्या बाकावरून आई उठली. मधल्या वाटेने, कोणाकडे न बघता, ती माझ्यापर्यंत आली. तिला जे सोसणार नव्हतं ते मी तिच्यावर लादलं होतं. ती रागावेल असं वाटलं. तिने माझ्या हातांवर हात ठेवला आणि दोर सोडवून घेतला.

"त्याचे झाले," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हे दोन माझे आहेत."

तिने एक ओढला. तिची ताकद पुरेना, ती दोराबरोबर जवळजवळ उचलली गेली, तरी मी मदत केली नाही. तिने दुसरा ओढला.

बाहेर पडताना अधिकाऱ्याने तिचा हात हातात घेतला. मध्ये घंटा अडली होती का, असं त्याने आपुलकीने विचारलं. पाद्रीसाहेब घाईने काही बोलायला लागले. आईने त्यांना हाताने थांबवलं.

"अडली नाही, साहेब," ती म्हणाली. "माझा मुलगा तिथपर्यंतच होता. पुढचं मी सांगितलं होतं, तुमच्या माणसाला."

त्याने टोपी काढली आणि ती हातात घेऊन तो उभा राहिला.  मग ड्रुसिलाआजी पुढे आली, आईच्या दंडाला धरलं आणि चल, चहा टाकते, म्हणाली.

पितळेची पाटी भिंतीवर आहे. तिच्यावर एकोणीस आहे. बदलून द्या म्हणून आईने आणि पाद्रीसाहेबांनी मिळून सांगून बघितलं. आता बदलता येत नाही, असं कळलं. दर शनिवारी ती घासायचं काम माझ्याकडे आहे, आणि दर शनिवारी त्या आकड्यावरून फडकं फिरवताना माझा जीव जळतो. पण शोल कोव्हमध्ये पाटी कोणी वाचत नाही. त्या दिवशी खाडीत जो जो होडीत होता, तो आजही विचारलंत तर सांगेल, सतरा पडले, मग बराच वेळ काही नाही, आणि मग दोन.