तांदळाचं पोतं आणि मधुकरराव

उत्तराबाईंनी उभ्या जन्मात व्यायाम म्हणून कधी केला नाही, आणि नवरा नेमका कवायतीचा मास्तर. मधुकर चौबळ म्हणजे डोंबिवलीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलेला माणूस. लग्न झाल्यापासून ते बायकोला सांगत आले, रोज दहा उठाबशा काढ, म्हातारपणी दुवा देशील. उत्तराबाई टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. त्या म्हणायच्या, घर, ऑफिस आणि तुमच्या बहिणी, एवढ्यात माझ्या शंभर उठाबशा होतात. मास्तर हसायचे आणि स्वतःच्या काढायला लागायचे.

आता ती थट्टा अंगाशी आली होती. चौदा महिन्यांपूर्वी मधुकररावांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा, आणि वाचा गेली. एक ‘हं’ तेवढा उरला. हो म्हणायलाही तोच आणि नाही म्हणायलाही तोच. बाकी माणूस होता तेवढाच होता, बहात्तर किलो. त्याला दिवसातून सहा वेळा पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचं होतं, आणि नेणारी बाई चौसष्ट वर्षांची, जिला गव्हाचा डबासुद्धा ढकलत न्यावा लागे.

रुग्णसेवेच्या ब्यूरोतून दोन माणसं आली. पहिला न सांगता गेला. दुसऱ्याने मधुकररावांचा दंड असा धरला की चार बोटं उमटली. त्याला उत्तराबाईंनी स्वतः दार दाखवलं. मग आपलं आपण बघू म्हणाल्या, आणि श्रावणातल्या एका सकाळी नवऱ्याला घेऊन बाथरूमच्या उंबऱ्यावर कोसळल्या.

खालच्या मजल्यावर जोसेफिन राहायची. डोक्यावर धप्प आवाज झाला आणि नंतर काहीच ऐकू येईना, म्हणून ती नाथा वॉचमनला घेऊन वर आली. दूध घेतल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं. तिने आणि नाथाने मिळून मधुकररावांना उचललं. त्याआधी जोसेफिनने त्यांचा वर गेलेला लेंगा नीट केला आणि नाथाला क्षणभर तोंड फिरवायला सांगितलं. एवढ्या एका गोष्टीवरून उत्तराबाईंना ती बाई आवडली. बारा वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून तोवर त्यांची ओळख जिन्यातल्या हसण्यापुरती होती.

संध्याकाळी घोडबंदरहून मुलगा आला. अपूर्व रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. शीळफाट्याच्या पुढे एक चांगलं शुश्रूषा केंद्र आहे, म्हणाला, चोवीस तास नर्स असते, आपण दर रविवारी जाऊ. उद्या तुझंच हाड मोडलं तर दोघांना कोण बघणार, असं त्याने विचारलं. बोलणं खरं होतं म्हणूनच झोंबलं. शेवटी तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. तोवर मधुकररावांना उचला-ठेवायला नाथा सवडीने वर यायचा.

उत्तराबाई ते केंद्र बघून आल्या. स्वच्छ होतं, फिनेलचा वास होता, पडदे धुतलेले होते. बारा पलंग ओळीने, आणि बाराही माणसांची तोंडं दाराकडे. त्या आत शिरल्या तशी सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि आपलं कोणी नाही हे कळल्यावर पुन्हा दाराकडे बघायला लागली. परतीच्या रिक्षेत उत्तराबाई रडल्या. रिक्षावाल्याने आरशात बघून रेडिओ बंद केला.

फिजिओथेरपीला शिवानी नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने पद्धत शिकवली. पेशंटच्या कमरेला पट्टा, त्यांचा लुळा गुडघा आपल्या दोन गुडघ्यांत, कंबर सरळ, आणि तीन म्हणताच दोघांनी एकदम उठायचं. ‘पद्धत मी शिकवते, काकू,’ ती म्हणाली, ‘पण पायातली ताकद तुम्हालाच आणावी लागेल.’ खुर्चीवरून हात न टेकता उठा, बसा, पुन्हा उठा. पहिल्या दिवशी उत्तराबाईंनी चार वेळा केलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. तिसऱ्या दिवशी भाजी निवडायची राहिली होती. एकट्या माणसाला स्वतःपुढे लाज नसते हेच खरं.

जोसेफिनने जिन्यात विचारलं, कसं चाललंय, तेव्हा त्यांनी खरं सांगून टाकलं. जोसेफिन भिंतीला टेकून उभी होती. गुडघे दुखायचे तिचे.

‘माझा नवरा, फ्लेव्हियन, गेला तशी मी सोफ्यावर बसली ती बसलीच,’ ती म्हणाली. ‘शुगर वाढली. जोविटा दुबईवरून रोज ओरडते, मम्मी चाल, मम्मी चाल. फोनवरून कोण चालतं? तू उठव मला, मी उठवते तुला. नाय आलीस तर मी पण नाय उठणार, आणि माझी शुगर तुझ्या डोक्यावर.’

धमकी असावी तर अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जोसेफिनने जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याने आपल्या छतावर तीन टोले दिले. बेल वाजवली तर मधुकररावांची झोप मोडेल म्हणून ही युक्ती. उत्तराबाईंनी वरून टाच तीनदा आपटली आणि दोघी गच्चीवर गेल्या. पाण्याच्या टाकीशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एमआयडीसीकडून येणारा तो आंबूस वास, आणि दोन म्हाताऱ्या उठताहेत नि बसताहेत. समोरच्या बिल्डिंगमधले लोक चहा घेऊन खिडकीत यायचे. येऊ देत, जोसेफिन म्हणायची, तिकीट लावू.

गच्चीच का, तर मधुकररावांना दिसू नये म्हणून. आपण ओझं झालो आहोत आणि बायको ते ओझं उचलायचा सराव करते आहे, हे त्यांना कळलं तर माणूस मनातून मरेल, असं उत्तराबाईंनी ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं संसार केला की नवऱ्याच्या मनातलं आपणच ठरवायची सवय लागते.

तांदळाच्या पोत्याची कल्पना जोसेफिनची. तिचं माहेर उत्तनचं. लहानपणी आईबरोबर मासळीच्या पाट्या वाहिलेल्या. तिच्या गावात भरलेली पाटी कोणी एकटीने डोक्यावर घेत नसे. रस्त्याने जो जाईल त्याला म्हणायचं, हात लाव. भांडण असलेला माणूससुद्धा थांबून हात लावून जायचा, न बोलता. तिने दहा किलोचं पोतं आणलं, त्याला जुन्या साडीचा पट्टा बांधला आणि खुर्चीत बसवलं. गणपती गेले तेव्हा दहा किलो उचललं जात होतं. पितृपक्षात पंधरा. उत्तराबाईंच्या मांड्या रात्रंदिवस ठणकत. दोन वेळा त्यांनी टोले ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दोन्ही वेळा जोसेफिन तसल्या गुडघ्यांनी जिना चढून आली आणि दारात नुसती उभी राहिली. तिसऱ्यांदा तसं करायची उत्तराबाईंची छाती झाली नाही. जोसेफिनची शुगर खाली आली. नवरात्रात उत्तराबाईंनी पंचवीस किलोचं पोतं खुर्चीतून उचललं, वळवलं, शेजारच्या खुर्चीत ठेवलं, आणि त्या टाकीला टेकून हसत सुटल्या.

दसऱ्याला अपूर्व आला, तेव्हा त्या म्हणाल्या, तू बस, आज मी दाखवते.

पट्टा बांधला. गुडघा गुडघ्यांत घेतला. कंबर सरळ. त्यांनी उचललं आणि मधुकरराव लाकडासारखे ताठ झाले. डाव्या हाताने त्यांनी पलंगाचा गज धरला तो सोडेनात. उत्तराबाई ओढताहेत, ते मागे ओढताहेत. चादरीसकट दोघं घसरले आणि अपूर्व मध्ये पडला नसता तर श्रावणातलंच पुन्हा झालं असतं. त्याने वडिलांची बोटं एकेक करून गजावरून सोडवली. मधुकररावांनी तोंड भिंतीकडे केलं. अपूर्वने आईला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून एक जागा आहे, मी हो म्हणून टाकतो.

उत्तराबाई खाली गेल्या आणि जोसेफिनच्या ओट्यापाशी उभ्या राहून हमसून हमसून रडल्या. माझंच चुकलं, म्हणाल्या, ते घाबरतात मला. जोसेफिनने त्यांना रडू दिलं. मग तिने विचारलं, गच्चीवर काय करतो हे त्यांना सांगितलंयस का?

उत्तराबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

‘म्हणजे रोज सकाळी मी टोला मारते, आणि तू त्यांना टाकून वर पळतेस. दोन महिने. आणि वरून हसणं ऐकायला येतं खाली.’ जोसेफिनने गॅस बंद केला. ‘तांदळाला काय, कुठे पण ठेव. बाई, तू कुठे गेलेलीस असं तांदूळ विचारत नाय. तो माणूस घाबरला नाय गं, रुसला.’

उत्तराबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. आता त्यांना आठवलं, टोले पडले की मधुकररावांचं तोंड नेहमी भिंतीकडे असायचं. झोपलेत असं त्या समजत आल्या होत्या. आणि दुसरी गोष्ट आठवली ती त्याहून लाजेची. आयुष्यभर पोरांना उठायला-बसायला शिकवलेला माणूस खाली पलंगावर पडलेला, आणि या दोघी वर स्वतःच्या अकलेने पोती उचलत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी गच्ची नाही. जोसेफिन पोतं ओढत थेट मधुकररावांच्या खोलीत आली. उत्तराबाई त्यांच्या उशाशी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. शीळफाटा सांगितला, बारा पलंग सांगितले, पोतं सांगितलं. मला तुम्हाला पाठवायचं नाही, म्हणाल्या, आणि मला तुम्हाला उचलता येत नाही. असं उघड त्या चाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. मधुकरराव भिंतीकडेच बघत राहिले.

जोसेफिनने वाट बघितली नाही. तिने पोतं खुर्चीत ठेवलं, वाकली आणि उचलायला गेली. मागून खण्‌ आवाज आला. मधुकररावांनी डाव्या हाताची अंगठी गजावर आपटली होती. ते जोसेफिनच्या कमरेकडे बघत होते, आणि वर्गात एखादं पोर ढिलं उभं असलं की यायची तीच आठी कपाळावर आली होती. ओठ हलले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग ते म्हणाले, ‘एक.’

जोसेफिनने पोतं सोडून मागे बघितलं.

‘दोन,’ मधुकरराव म्हणाले. शब्द जरा चेपलेला होता, पण शब्द होता.

शिवानीने नंतर सांगितलं की असं होतं. बोलणं जातं, पण हजारदा घोकलेली मोजणी कुठेतरी शाबूत राहते, सुरुवात झाली की येते. उत्तराबाईंना त्या वेळी त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता.

त्या दिवसापासून मास्तर पुन्हा कामावर रुजू झाले. कंबर वाकली की मोजणी दोनवर थांबायची. पाऊल चुकलं की दोनवर थांबायची. तीन म्हणजे सगळं बरोबर. जोसेफिन म्हणाली, असा खडूस सर शाळेत असता तर मी मॅट्रिक झाली असती. आठवड्याने पोतं बाजूला ठेवलं आणि पट्टा मधुकररावांच्या कमरेला आला. तीन म्हणताना ते स्वतःच डावा पाय जमिनीत दाबायला लागले. तरी रोज जमायचंच असं नाही. वसुबारसेच्या दिवशी दोघं पुन्हा पलंगावर आदळले आणि उत्तराबाईंच्या पाठीत चमक भरली. ती गोष्ट त्यांनी अपूर्वला सांगितली नाही. जोसेफिनला सांगितली, आणि तिने पाठीला तेल लावलं.

भाऊबीजेला अपूर्व आणि सून अंतरा जेवायला आले. अपूर्वच्या खिशात केंद्राचा फॉर्म होता, घडी करून ठेवलेला. जेवणाआधी उत्तराबाईंनी पदर खोचला. जोसेफिन मुद्दामच खाली थांबली होती. मी वर असली तर तो म्हणेल मी हात लावला, असं तिचं म्हणणं.

पट्टा. गुडघा. कंबर.

‘एक,’ मधुकरराव म्हणाले. ‘दोन.’

आणि थांबले.

अपूर्वला वाटलं, बाबा अडकले. तो पुढे झाला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, ‘बाबा, तीन.’ मधुकररावांनी त्याच्याकडे असं बघितलं की पस्तिशी उलटलेला मुलगा जागच्या जागी उभा राहिला. मग त्यांनी नजर खाली नेली, बायकोच्या पायाकडे. उत्तराबाईंनी बघितलं. सणाची नवी साडी, आणि तिचा काठ त्यांच्या डाव्या टाचेखाली आला होता. तशाच उठल्या असत्या तर दोघं गेले असते.

त्यांनी टाच उचलली, काठ सोडवला, पाय पुन्हा रोवला.

‘तीन.’

मधुकरराव उठले. वळले. खुर्चीत बसले. धाप दोघांनाही लागली होती.

अपूर्व रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसला, वडिलांच्या जागी. तो म्हणाला, शाळेत मलाही असंच दोनवर उभं ठेवायचे, सगळ्या वर्गासमोर. त्याचे डोळे भरले होते. अंतराने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने खिशातला फॉर्म काढला, फाडला नाही, परत घडी घातली. संक्रांतीपर्यंत थांबा असं सांगतो त्यांना, म्हणाला.

‘पण आई, तू पडलीस तर?’

पाठीतली चमक अजून तिथेच होती, मांड्या थरथरत होत्या, आणि अजून तासाभराने नवऱ्याला खुर्चीतून पलंगावर परत न्यायचं होतं. संध्याकाळी पुन्हा. उद्या पुन्हा. त्या म्हणाल्या, पडले तर पडले, तोवर जेवून घे.

मग त्यांना आठवलं, खाली एक बाई छताकडे कान लावून बसली असेल. त्यांनी टाच फरशीवर तीनदा आपटली. नंतर खालून झाडूचा दांडा वाजला, सावकाश, नेहमीपेक्षा जोरात.

मधुकररावांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. प्रत्येक टोल्याला ते मोजत होते, आणि तीन झाल्यावर त्यांनी बायकोकडे बघितलं.