इंजिनाला इंजिन

पणजोबांनी इंजिनाच्या भट्टीत कोळसा लोटला, आजोबांनी रुळांचे सांधे बदलले, वडिलांनी रेल्वेच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे इंजिनांखाली उताणे पडून काम केले. आणि त्या घराण्याची चौथी पिढी आज, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, खेळण्यांच्या दुकानातल्या सवलतीच्या टेबलापाशी उभी राहून वीतभर लांबीचे एक हिरवे इंजिन उलटे करून हुंगत होती.

"आजी, इंजिन आहे ते. अत्तराची बाटली नाही," दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला.

"जळालेल्या मोटरीला वास येतो. तुझ्या ह्या मालाला येत नाही."

"मग चांगलंच की!"

"चांगलं असतं तर तू ते ह्या टेबलावर कशाला मांडलं असतंस?"

टेबल दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होते. गिऱ्हाइकांनी परत आणलेली, जागच्या जागी थिजलेली इंजिने त्यावर एकमेकांना टेकून पडली होती आणि वर जाड अक्षरांत पाटी होती: 'बंद माल. निम्म्याहून कमी. परत घेतला जाणार नाही.' काचेच्या मोठ्या कपाटासमोरचे लोक ह्या टेबलाकडे पाहतसुद्धा नसत. मोटरआजी मात्र गेले तीन महिने दर पंधरवड्याला इथेच येत.

मोटरआजी हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. पंखे, पंप, शिवणयंत्रे, ज्याची म्हणून मोटर जळाली त्याने ती त्यांच्या बाकावर आणून टाकायची आणि आठ दिवसांनी फिरती करून न्यायची, असा पस्तीस वर्षांचा रिवाज होता. नवरा अकाली गेल्यावर त्या बाकावर त्यांनी मुलगा वाढवला होता. तांब्याच्या तारेने कापलेल्या त्यांच्या बोटांना आता सुईत दोरा ओवता येत नसे. पण चाक फिरवून आतले दुखणे ओळखता येत असे.

त्यांनी एकाच जातीची तीन हिरवी इंजिने वेगळी काढली. प्रत्येकाचे चाक अंगठ्याने हलवून पाहिले. तिन्ही चाके जागची हलली नाहीत. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"एकाचं काय घेशील?"

"चिठ्ठीवर लिहिलंय."

"चिठ्ठी तू लिहिलीस. मी नाही."

"आजी, आणखी उतरवलं तर उद्या मलाच त्या टेबलावर बसावं लागेल."

"बस. पण तुला कोण नेईल, त्याचा विचार करून बस."

पिशवी धरून उभ्या असलेल्या सुनेने तोंड दुसरीकडे वळवले. ती रुग्णालयात परिचारिका होती आणि सुट्टीच्या दिवशी सासूबरोबर येण्याचे तिने स्वतःहून पत्करले होते; भांडण झाले तर निदान कुणीतरी शांत असावे, एवढाच तिचा हेतू.

"दोनाचे पैसे देते, तीन नेते. तिसऱ्याचं छप्पर फुटलंय आणि एक चाकही जागेवर नाही. मी नेलं नाही तर झाडूवाला नेईल."

दुकानदाराने हात जोडल्यासारखे केले आणि कागदी खोका पुढे सरकवला. "न्या बाई. पण एक सांगतो, मागाहून शिव्या देऊ नका. हे हिरवं मॉडेल उभं राहिलं की मोटर जळाली समजायची. क्लबातले सगळे जाणकार असंच म्हणतात. त्यांच्याकडे तर ह्याचं सगळ्यात जुनं आहे, काचेच्या कपाटात—"

"त्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक आहे," मोटरआजी म्हणाल्या आणि त्यांनी पैसे इतक्या जोरात गल्ल्यावर ठेवले, की दुकानदाराने पुढचे वाक्य गिळले.

त्यांना ते ठाऊक होते त्याला पन्नास वर्षे झाली होती. छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळींचा तो क्लब एका धनिकाने काढला होता. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांनी परदेशातून आणवलेले हिरवे इंजिन त्या काळी एवढे महाग होते, की त्या पैशांत एखादे कुटुंब वर्षभर जेवले असते. मोटरआजींच्या वडिलांना दर रविवारी तिथे बोलावणे येई, छोट्या गाड्यांना तेलपाणी करायला. वडील त्या दिवशी धुतलेला सदरा घालून जात. आणि एका प्रदर्शनात, भर गर्दीत, ते हिरवे इंजिन चढावर मध्येच थांबले ते थांबलेच. मोटर जळाली, असे सर्वांनी ठरवले. कुणी जाळली, हेही ठरवले. वडिलांनी ते उघडून पाहू द्या म्हटले, तर मोठ्या साहेबांनी त्यांचा हात बाजूला केला. तेव्हा वडील सगळ्यांसमोर म्हणाले होते, "इंजिनाला इंजिन देईन."

चार पोरांच्या घरात ते कधीच जमले नाही. साहेबांनी तगादा लावला नाही. त्यांनी एवढेच केले, की ते इंजिन कपाटात ठेवून खाली कार्ड लावले: 'निष्काळजी हाताळणीमुळे मोटर जळाली.' कार्डावर नाव नव्हते. त्या वस्तीत नावाची गरजही नव्हती.

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले गेले. सुनेने विजेरी धरली. रुग्णाच्या जखमेवर धरावी तितक्याच स्थिर हाताने.

मोटरआजींनी चार स्क्रू काढले, छप्पर उचलले आणि दातेरी चाकांच्या डबीत सुई घातली. सुई आत गेली नाही. डबीत पिवळे, सुकलेल्या डिंकासारखे काहीतरी घट्ट बसले होते.

"हे काय, आई?"

"ग्रीस. बनवणाऱ्यांनीच भरलेलं. पडून राहिलं की दगड होतो त्याचा. वीज देतात, मोटर बिचारी जोर लावते, चाक हलत नाही. मग हे शहाणे म्हणतात, जळाली."

स्पिरिटात भिजवून, काडीने कोरून, फडक्याने पुसून त्यांनी डबी स्वच्छ केली. शिवणयंत्राचे हलके तेल एक थेंब घातले, दुसऱ्या इंजिनाचे चांगले चाक ह्याला बसवले, तिसऱ्याची जोडणीची तार घेतली. सहा वाजायच्या आत तिन्हींचे मिळून एक इंजिन टेबलभर मांडलेल्या रुळांवर कुरकुर न करता फिरू लागले. त्याने साखरेच्या डब्याला वळसा घातला, मिठाच्या बरणीमागे दिसेनासे झाले आणि पुन्हा समोर आले.

सून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या वडिलांनी काहीच केलं नव्हतं."

मोटरआजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"रविवारी प्रदर्शन आहे ना त्या क्लबाचं?"

"आई, चार लोकांदेखत नको. मी क्लबाच्या अध्यक्षांना फोन करते, आपण एखाद्या संध्याकाळी निवांत—"

"चार लोकांदेखतच माझ्या वडिलांना खाली पाहायला लावलं होतं," मोटरआजी म्हणाल्या. "निवांत नव्हे."

क्लबाचे अध्यक्ष आता मोठ्या साहेबांचे चिरंजीव होते. व्यवसायाने दातांचे डॉक्टर, साठीचे, मऊ आवाजाचे. सभागृहाच्या मध्यभागी डोंगर, बोगदे, पूल आणि स्टेशने मांडलेली होती आणि भोवती माणसांची दाटी होती. मोटरआजींनी ती दाटी कोपराने दुभंगली आणि आपले हिरवे इंजिन थेट चढाच्या पायथ्याशी रुळावर ठेवले.

"बाई, इथे सभासदांचीच इंजिनं—" एकाने सुरुवात केली.

"सभासदांच्या इंजिनाने ओढलेत का हे सगळे डबे?"

"सगळे नाही. एवढा चढ—"

"मग जोडा सगळे."

कुणीतरी हसले. कुणीतरी डबे जोडले. बावीस डबे घेऊन इंजिनाने चढ धरला, मध्यावर जरा दमले, आणि न थांबता पलीकडे उतरून गेले. टाळ्या पडल्या. डॉक्टर वाकून इंजिनाकडे पाहत होते.

"कुठून आणवलंत हे?"

"सवलतीच्या टेबलावरून. बंद माल. आता ते कपाट उघडा, डॉक्टर."

डॉक्टरांनी सावकाश पाठ सरळ केली. त्यांनी मोटरआजींना तेव्हा ओळखले असावे. "बाई, त्यातलं इंजिन माझ्या वडिलांचं आहे."

"आणि त्याच्याखालचं कार्ड माझ्या वडिलांचं आहे."

 डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली.

"एखादी बारीक सळई लागेल," मोटरआजी खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "लोकांचे दात कोरता ना, त्यातली चालेल."

"ती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले आणि आपली बॅग उघडून त्यांनी सळई खरेच दिली. "एवढंच सांगतो, जपून. त्यांनी ते शेवटपर्यंत कुणाला उघडू दिलं नाही."

"दिलं असतं तर मी आज घरी असते."

चार स्क्रू निघाले. छप्पर उचलले गेले. सुनेने विजेरी जवळ आणली. मोटरआजींनी सळई डबीत घातली आणि ती सहज आत गेली, अगदी तळापर्यंत. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळा गोळा होता.

त्यांनी तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळला. काळेपणा पसरला आणि त्याखालून शिसपेन्सिलीच्या टोकासारखी रुपेरी चमक वर आली. त्यांचे बोट तिथेच थांबले. हा काळा रंग त्या लहानपणापासून ओळखत होत्या. वडिलांच्या कामावरच्या कपड्यांवर तो असे. आई खडखडीत ऊन पडेल त्या दिवशी ते कपडे वेगळे उकळी आणि तरीही तो जात नसे. मोठ्या इंजिनांच्या आसांना घालायचे ते जड ग्रीस होते. वडिलांजवळ होते त्यातले सर्वांत उत्तम. दोन बोटांत मावणाऱ्या ह्या डबीत ते त्यांनी काठोकाठ भरले होते आणि तिथून ते मोटरीपर्यंत गेले होते.

"आई," सून अगदी हळू म्हणाली, "हे पिवळं नाही."

"दिसतंय मला."

"काय निघालं, बाई?" मागून कुणीतरी विचारले. "ग्रीसच ना? सुकलेलं?"

सुनेने विजेरी किंचित बाजूला केली. डबीत अंधार झाला. सभागृहात ह्या दोघींखेरीज कुणालाही तो काळा रंग वाचता आला नसता; एका फडक्याने पुसला की संपले.

"विजेरी सरळ धर," मोटरआजी म्हणाल्या. मग मोटर हुंगून आणि मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "ग्रीस आहे. पण सुकलेलं नाही. हे मोठ्या इंजिनाचं ग्रीस, माझ्या वडिलांच्या डब्यातलं. मोटर जळालेली नाही. पण ती अडवली त्यांनीच."

 डॉक्टरांनी कार्ड हातात घेतले होते. ते त्यांनी उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"म्हणजे हे... खरंच होतं म्हणायचं?"

"निम्मं. 'जळाली' हे खोटं. आणि 'निष्काळजी' तर साफ खोटं. जे हजार टन ओढणाऱ्या इंजिनांना घालत, तेच त्यांनी तुमच्या खेळण्याला घातलं. ह्याहून जास्त काळजी त्यांना घेता येत नव्हती. चूक मात्र आमची. स्पिरिट आण गं."

काम तासभर चालले. लोक पांगले, परत आले, मुलांना खांद्यावर घेऊन पुन्हा पांगले. डॉक्टर हलले नाहीत. मोटरआजी न बोलता हात पुढे करत आणि ते न विचारता पुढची सळई देत. काळी फडकी एकावर एक साचत गेली. अखेर त्यांनी छप्पर बसवले, स्क्रू आवळले आणि जुने हिरवे इंजिन रुळावर ठेवून डॉक्टरांकडे पाहिले.

"फिरवा बटण. तुमचं आहे."

इंजिनाला एक कंप सुटला. मग ते निघाले, आधी लंगडत, मग सरळ. डॉक्टर त्याच्याबरोबर टेबलाच्या कडेने चालू लागले, वयाला न शोभेल अशा घाईने. इंजिन बोगद्यात शिरले तेव्हा ते दुसऱ्या तोंडापाशी जाऊन वाकून वाट पाहत राहिले. परतले तेव्हा त्यांनी आधी नाक साफ केले.

"बाई, विषय संपला. इंजिन चालू झालं, कार्ड मी आत्ता फाडतो. तुम्ही तुमचं हे दुसरं घेऊन जा. एवढं मेहनतीने उभं केलंत."

"मोठ्या साहेबांनी ते पुन्हा चालताना पाहिलं होतं का?"

डॉक्टर थांबले. "नाही. शेवटच्या आजारातसुद्धा मला म्हणायचे, एकदा तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

"मग विषय संपला कसा?"

मोटरआजींनी आपले इंजिन उचलले, पदराने त्यावरचा बोटाचा ठसा पुसला आणि ते डॉक्टरांसमोर, टेबलाच्या कडेवर, ठेवले.

"सवलतीत घेतलंय, हे आधीच सांगून ठेवते. तीन मोडक्यांतून एक केलंय. पण बावीस डबे ओढतं, ते तुम्ही पाहिलंत. माझे वडील इंजिनाला इंजिन म्हणाले होते. किमतीला किंमत म्हणाले नव्हते."

"पण आता मागतंय कोण, बाई?"

"तुमच्या घराण्याने कधीच मागितलं नाही. तेच तर जड झालं आम्हाला."

सून पुढे आली आणि सासूच्या पाठीशी उभी राहिली. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले आणि इंजिन घेतले. त्याचे वजन त्यांना अपेक्षेहून जास्त वाटले असावे, कारण हात जरासे खाली गेले.

"मिळालं म्हणा," मोटरआजी म्हणाल्या.

"मिळालं."

"इथल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

डॉक्टरांनी एकवार सभागृहाकडे पाहिले. बोलताना मात्र ते तिथे नसलेल्या कुणाशी तरी बोलल्यासारखे, मान किंचित लववून बोलले. आणि तो मऊ आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"मिळालं. पुरतं मिळालं."